दुसऱ्या रांगेतली नॅडीन

७ मार्च, शुक्रवार

रक्तदाब १४८/९२. डॉक्टरबाईंनी रोज लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून ही वही. दोन आकड्यांसाठी अख्खं पान वाया घालवणं माझ्या जिवावर येतं. एकतीस वर्षं पार्मा गावातल्या लोकांच्या तळघरांत उतरून पाण्याचे मीटर वाचले, तेव्हा कधी कागद वाया घालवला नाही. उरलेल्या जागेत काहीबाही लिहीन म्हणतो.

आज ऑगीने बेसबॉलपटूंच्या फोटोकार्डांचा यंदाचा खोका दिला. ऑगी बोझिच म्हणजे स्टेट रोडवरच्या कार्डांच्या दुकानाचा मालक, माझा चाळीस वर्षांचा मित्र आणि गावातला सर्वांत खवचट माणूस. दोन्ही कानांमागे एकेक पेन्सिल खोचून हिंडतो, एक काळी आणि एक लाल. यंदा कंपनीने पासष्ट सालची नक्षी परत काढलीय. बेसबॉल खेळणारे आजचे, कार्ड मात्र तेव्हाचं. कोपऱ्यात संघाचं तिकोनी निशाण, पाठीवर निळी शाई आणि एक बावळट व्यंगचित्र. पुठ्ठासुद्धा तसाच खरखरीत. लहानपणी या नक्षीची कार्डं आम्ही सायकलच्या चाकात अडकवून फटफट वाजवायचो. आता हात धुतल्याशिवाय त्यांना शिवत नाही.

संध्याकाळी चर्चच्या तळघरात तळलेला मासा. ईस्टरच्या आधीचे उपासाचे शुक्रवार सुरू झाले. "तुला मीठ बरं नाही, लेन," असं म्हणून ऑगीने माझ्या ताटातले बटाटे स्वतः संपवले.

११ मार्च, मंगळवार

१५०/९०. खोका फोडला. पाचशे कार्डांचा संच, त्यातली तीनशे एकोणतीस लागली, बाकी डबल. डबल आली की वाटून टाकायची, हा आमच्यातला रिवाज. ३१२ क्रमांकाची तीन आली. ऑस्कर व्हिलेडा, तिसऱ्या तळावर खेळतो. एक ऑगीच्या दारातल्या फुकटच्या डब्यात टाकलं, एक पोस्टमनला दिलं.

खरी गंमत जुळ्यांची. काही क्रमांक कंपनी गुपचूप दोन फोटोंत छापते. खेळाडू तोच, क्रमांक तोच, फोटो वेगळा. ओळखायची खूण एकच, पाठीमागे अगदी तळाशी मुंगीएवढा सांकेतिक आकडा असतो, त्याचे शेवटचे दोन अंक बदललेले असतात. म्हणून आम्ही मुरलेली मंडळी पाकीट फोडलं की आधी कार्ड पालथं करतो. पुढची बाजू नवशिके बघतात. मीटरही असाच वाचायचा असतो, आकडा बघायचा, घराकडे बघत बसायचं नाही.

पूर्वी आकडे वाचायचं काम नॅडीनचं असे. सात वर्षांची असल्यापासून. माझी मुलगी. आता कोलंबसला असते, निदान असायची. सहा वर्षांत बोलणं नाही.

१५ मार्च, शनिवार

रक्तदाब घेतला नाही. घेऊन काय करायचंय.

३१२चं उरलेलं कार्ड अल्बमच्या पानात लावत होतो. व्हिलेडाच्या कोपरापाशी पांढरा ठिपका दिसला. छपाईतला दोष की धूळ, म्हणून भिंग लावलं. धूळच होती. भिंग तसंच वर सरकलं, खेळाडूंच्या बाकामागच्या दुसऱ्या रांगेवर, आणि तिथे नॅडीन बसलेली होती.

भिंग फार जवळ नेलं की चेहरा नाहीसा होतो, नुसते लाल-पिवळे ठिपके उरतात. थोडं लांब धरलं की परत नॅडीन. नऊ वर्षांची असताना झाडावरून पडली, गळ्याजवळचं हाड मोडलं, तेव्हापासून तिचा डावा खांदा वर राहतो. तोच खांदा. कपाळावर हात आडवा धरायची तीच तऱ्हा, तिच्या आईची. मांडीवर पिवळी टोपी घातलेलं एक पोर.

कार्ड खाली ठेवलं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि बंद केला. परत येऊन बघितलं तर ती तिथेच.

मग डोक्यात आलं. हेच कार्ड माझ्याकडे तीनदा आलं होतं. दोनदा मी ते पालथं केलं, आकडा बघितला आणि देऊन टाकलं. माझी मुलगी मी फुकटच्या डब्यात टाकली.

१७ मार्च, सोमवार

दुकान उघडायच्या आधी दारात उभा होतो. डब्यातलं कार्ड कुणीतरी उचललेलं. माझं ऑगीपुढे ठेवलं.

"बघ. दुसरी रांग, निशाणाच्या वर. नॅडीन."

त्याने भिंग हातातसुद्धा घेतलं नाही. "मला टोप्या दिसतायत. टोप्या आणि सॉसेजं."

"डावा खांदा बघ ना लेका."

"अर्ध्या ओहायोचा डावा खांदा वर असतो."

"मांडीवर कुणाचं तरी पोर आहे. शेजारणीचं असेल."

तो उगाच पाकिटांची चळत सरळ करत बसला. मग म्हणाला, "काय ऊन होतं त्या दिवशी. पोर बिचारं नुसतं टोमॅटो झालं असेल."

म्हाताऱ्याची नजर गेली. फोटोत ती रांग छपराच्या सावलीत आहे, उन्हाचा ठिपका नाही. चष्मा बदल म्हटलं, तर माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मीच काहीतरी विसरलोय.

"तिला फोन कर," म्हणाला.

"नंबर बदललाय तिने. आणि मी का करू? बाप मी आहे."

"हो, ते आहेच," ऑगी म्हणाला. आजवर माझ्या कुठल्याही बोलण्याला तो इतक्या पटकन हो म्हणालेला नाही.

२४ मार्च, सोमवार

१५६/९४. जोसीला, माझ्या बायकोला, जाऊन आज सहा वर्षं झाली. कबरीवर जाऊन आलो. माझ्या आधीच कुणीतरी पिवळी फुलं ठेवून गेलेलं. चर्चमधल्या बायका असतील.

त्या दिवसाबद्दल एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यापाशी तरी हिशेब स्वच्छ राहील. रविवार होता. अग्निशमन दलाच्या सभागृहात कार्डांचा बाजार होता. जोसी स्वतः म्हणाली, "जा रे, इथे बसून माझं तोंड काय बघतोस." डॉक्टरांनी अजून दोन दिवस सांगितले होते. सभागृह दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. चार तासांत परत आलो. चार नाही, पाच म्हणू. तोवर सगळं संपलं होतं.

नॅडीन होती तिच्याजवळ. तेवढा एक आधार मला आहे, जोसी एकटी नव्हती, लेकीचा हात तिच्या हातात होता. मग नॅडीनला राग कसला? मला समजत नाही. दफनानंतर घरी आल्यावर तिने विचारलं, "फोन कुठे होता, डॅड?" मी म्हटलं, "गाडीत राहिला." ती माझ्याकडे बघत उभी राहिली, मग कोट घातला आणि गेली. फोन गाडीत राहिला म्हणून कुणी बापाला टाकतं का?

असो. ३१२चं जुळं असणार, असं माझं मन सांगतंय. त्याच सामन्यातला दुसरा फोटो. त्यात ती अजून नीट दिसेल.

२५ मार्च, मंगळवार

ऑगी म्हणतो जुळं नाही. मी म्हटलं, तुला काय माहीत. तो म्हणाला, मला माहीत आहे. मी म्हटलं, असलं तर शोधशील ना? तो म्हणाला, "लेन, कार्ड सोड. तुला नक्की काय हवंय ते एकदा नीट माग."

मी म्हटलं, "३१२चं जुळं."

त्याने लाल पेन्सिल काढली, काही लिहिलं नाही आणि परत कानामागे खोचली.

२९ मार्च, शनिवार

सापडलं. फोर्ट वेनचा हार्लन टीग, त्याच्याशी टपालाने अदलाबदल करतो मी. चांगला माणूस, पण पक्का. शेवटचे दोन अंक वेगळे आहेत, तेच आहे म्हणाला. बदल्यात त्याला पासष्ट सालचं खरं कार्ड हवंय, २०७ क्रमांकाचं. त्या एका कार्डाने माझा जुना संच पुरा झाला होता.

त्या रविवारी सभागृहात मिळवलं ते हेच. खरं तर संच पुरा झालाच नाही, कारण मी ते कधी पानात लावलंच नाही. सहा वर्षं मोज्यांच्या खणात पडून आहे. आज काढलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून पाकीट बंद केलं, टपालात टाकलं. वाटलं होतं जीव कासावीस होईल. काही झालं नाही. ओझं खाली ठेवावं तसं वाटलं, आणि याचाच मला धक्का बसला.

४ एप्रिल, शुक्रवार

मासा खायला ऑगी आला नाही. बहीण आलीय म्हणे. ऑगीला बहीण आहे हे चाळीस वर्षांत आज कळलं.

९ एप्रिल, बुधवार

जुळं आलं. पाठ बघितली नाही, आयुष्यात पहिल्यांदा थेट पुढची बाजू बघितली.

व्हिलेडा या फोटोत डावीकडे झुकलेला, म्हणून मागची रांग मोकळी. नॅडीन हसतेय. तोंड उघडं टाकून, डोळे मिटून, तशी ती फक्त घरात हसायची. मांडी रिकामी आहे. पिवळ्या टोपीचं पोर शेजारच्या माणसाने दोन्ही हातांनी वर उचललंय, पोराचे पाय हवेत. माणसाचं तोंड पोराच्या पोटाआड गेलंय.

कान दिसतात. दोन्ही कानांमागे एकेक पेन्सिल.

अर्धा तास झाला, हे वाक्य इथेच आहे.

१० एप्रिल, गुरुवार

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ऑगीने माझं तोंड बघितलं आणि दोघांना बाहेर काढून पाटी उलटी केली. मी कार्ड काचेवर आपटलं. कोपरा दुमडला. दोघांनीही तो दुमडलेला कोपरा बघितला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"सहा वर्षं. दर रविवारी."

"कोलंबसला जातोस दर रविवारी?"

"कोलंबस सोडून तीन वर्षं झाली. लेकवूडला असते. तुझ्या घरापासून वीस मिनिटं."

त्याने पायाने स्टूल पुढे सरकवलं, मी बसलो.

"ते पोर?"

"विनी. ऑगस्टमध्ये तीन पुरी होतील." मग खालच्या आवाजात म्हणाला, "नॅडीनची. तुझी नात."

माझ्या तोंडून शिव्याच निघाल्या. चाळीस वर्षं, म्हटलं, चाळीस वर्षं मी तुझ्या दुकानात येतोय, तू माझे बटाटे खातोस, आणि तुझ्या खिशात माझी नात?

"तिने शपथ घातली होती, लेन. पण एक सूटही दिली होती. म्हणाली, डॅडने माझी चौकशी केली तर नंबर दे. कार्डाची चौकशी केली तर देऊ नकोस." त्याचे डोळे भरले होते. ऑगीचे! "तीन आठवडे मी वाट बघतोय रे. तू रोज येऊन जुळं मागत होतास. मी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं. तू दर वेळी ३१२ म्हणालास."

"तिने मला टाकलं तरी का? फोन गाडीत राहिला म्हणून?"

"मला माहीत नाही. तिने कधी सांगितलं नाही. तुला माहीत असेल."

मी काचेखालच्या कार्डांकडे बघत राहिलो.

"काय हवंय तुला?" ऑगीने परत विचारलं.

"माझी मुलगी."

त्याने समोरचं पहिलं हाताला लागलं ते कोरं करकरीत कार्ड उचललं आणि त्याच्या निळ्या पाठीवर पेन्सिलीने नंबर लिहिला. कार्डावर लिहिताना मी त्याला कधी बघितलेलं नाही. त्याच्यासाठी ते पाप आहे.

१२ एप्रिल, शनिवार

फोन केला नाही.

१४ एप्रिल, सोमवार

१६२/९८. फोन उचलला, ठेवला. काय बोलणार? फोन गाडीत होता, एवढंच तर सहा वर्षं बोलत आलोय. इतक्या वेळा बोललो की कधीकधी मला गाडीतला फोन डोळ्यांपुढे दिसतो, सीटवर पडलेला.

गाडीत नव्हता.

पहिल्यांदाच लिहिलं. या वहीतसुद्धा मी खोटं लिहिलं होतं. मीच लिहिणार, मीच वाचणार, मग खोटं कुणासाठी लिहिलं?

१९ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. सकाळी अकराला नंबर लावला. उभं राहूनच, बसलो असतो तर ठेवून दिला असता. पलीकडे भांडं बडवल्याचा आवाज येत होता, मग तिचा आवाज. सहा वर्षांत जराही बदललेला नाही.

"नॅडीन, मी डॅड."

भांडं थांबलं. तिने हातातून काढून घेतलं असावं.

"ऑगी म्हणाला होता तू करशील म्हणून. गेल्याच आठवड्यात म्हणाला होता."

"मला वेळ लागला."

"हो. तुला लागतो."

मी कार्डाचं सांगायला लागलो. दुसरी रांग, पिवळी टोपी, जुळं, फोर्ट वेन. माझं मलाच ऐकू येत होतं, मी कसा बडबडतोय ते. मी थांबलो. मग एका दमात सांगून टाकलं.

"नॅडीन, त्या दिवशी फोन गाडीत नव्हता. खिशात होता. सारखा वाजत होता. सातव्या वेळी मी काढून बघितला, तुझं नाव होतं. तो माणूस कार्ड हातात घेऊन उभा होता आणि माझ्यामागे दुसरं गिऱ्हाईक. मला वाटलं, दहा मिनिटं. मी फोन परत खिशात ठेवला."

"माहीत आहे."

"ऑगीने सांगितलं?"

"ऑगीला माहीत नाही. मी बघितलं, डॅड. मी सभागृहाच्या दारात उभी होते."

ती हळूहळू बोलत होती, जवळ पोर असलं की बोलतात तशी. "तू उचलेनास म्हणून तुला न्यायला आले होते. आईने सकाळपासून चारदा विचारलं, लेन आला का. म्हटलं, दहा मिनिटांचा रस्ता, घेऊन येते. दारातून तू दिसलास. शेवटचा फोन तिथूनच लावला. तू काढलास, नाव वाचलंस, ठेवलास. आणि त्या माणसाशी हात मिळवलास. हसत होतास."

"मग हाक का नाही मारलीस मला?"

"माहीत नाही. अजून माहीत नाही. पाय वळले आणि मी गेले."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. मठ्ठ माणूस मी, दोन मिनिटं उशिरा शिरलं.

"म्हणजे तू आईजवळ..."

"मी परत पोचले तेव्हा नर्स खोलीची खिडकी उघडत होती. म्हणाली, अकरा मिनिटं झाली."

"मग तिच्याजवळ कोण होतं?"

"कोणी नाही."

मी रडलो की नाही ते आठवत नाही. आवाज काढला असावा, कारण पलीकडून बारीक आवाजात पोराने काहीतरी विचारलं आणि नॅडीन म्हणाली, "काही नाही राणी, एक आजोबा आहेत." सहा वर्षं मी एका गोष्टीच्या भरवशावर निवांत झोपत होतो, ती गोष्ट नव्हतीच. जोसी छताकडे बघत, दाराकडे बघत, मला विचारत एकटी गेली. आणि लेक तिच्यापासून लांब गेली ती माझ्यामुळे. सहा वर्षं तीसुद्धा ते अकरा मिनिटांचं ओझं एकटी वागवत होती आणि मी म्हणत होतो, हिला राग कसला.

"दफनानंतर मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "फोन कुठे होता. मला उत्तर माहीत होतं. मला ते फक्त तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मग मीही सांगणार होते, की मीही नव्हते तिच्याजवळ. दुसरं कुणाला सांगू शकणार होते मी? आपण दोघं मिळून रडलो असतो, डॅड. तू म्हणालास, गाडीत."

तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पोर परत भांडं बडवायला लागलं.

"मी येऊ?" मी विचारलं. "कधी येऊ?"

"मला विचारू नकोस. मला तू कधी येतोस ते बघायचंय." मग म्हणाली, "लिहून घे." हाताशी ही वहीच होती.

आत्ता पावणेबारा वाजलेत. कोट अंगात आहे, उभ्याउभ्याच लिहितोय.

वॉरन रोड, १४७६. वरचा मजला. पुढची घंटा बिघडलीय, मागच्या जिन्याने यायचं. तिसरी पायरी सैल आहे, सांभाळून, असंही ती म्हणाली.